थोरल्याच्या नावाचा रस्ता

महामार्गाला नाव देणार असल्याचं धाकटीला एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. तो ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकून घ्यायला तिच्या दुकानात आला होता. जुन्या युद्धात पदकं मिळवलेल्या जवानांची नावं या रस्त्याला देणार, एकेका टप्प्याला एकेकाचं, आणि आपल्या गावावरून जातो त्या टप्प्याला तुमच्या थोरल्या दिरांचं, असं त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं. वर म्हणाला, "नशीबवान घर तुमचं."

धाकटीचा हातोडा जरा जास्तच जोरात बसला आणि रिंग चपटी झाली. ती उचकटून काढत ती म्हणाली, "हो, घर नशीबवान आहे खरं."

घरात दोघी जावा, आणि दोघींचे नवरे एकाच युद्धात गेलेले. थोरला पायदळात होता. टेकडीवरची एक चौकी त्यानं जखमी असताना एकट्यानं धरून ठेवली आणि तिथंच प्राण सोडला. धाकटा लष्करी ट्रक चालवायचा. त्याच टेकडीकडे दारूगोळा घेऊन, शत्रूला दिसू नये म्हणून दिवे बंद ठेवून, तो घाट चढत होता. एका वळणावर ट्रक दरीत गेला. थोरल्याला शौर्यपदक मिळालं. धाकट्याच्या मरणाला सरकारी भाषेत अपघात म्हणतात, आणि अपघाताला पदक नसतं.

तेव्हापासून थोरली वीरपत्नी झाली आणि धाकटी वीरपत्नीची जाऊ. थोरलीला पोस्टात काउंटरवर नोकरी मिळाली, समारंभांत पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. धाकटीनं ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटची कव्हरं शिवायचं दुकान टाकलं. समारंभाला तीही जायची, पण थोरलीची पर्स आणि चष्म्याचं घर सांभाळायला. तिची लेक शाळेत होती तेव्हा बाई तिला वर्गात उभं करून वीराची पुतणी म्हणून दाखवायच्या. एकदा घरी येऊन लेकीनं विचारलं, मग बाबा काय करायचे? त्या दिवशी धाकटी थोरलीशी अवाक्षर बोलली नाही. थोरलीला कारण कळलं नाही, आणि धाकटीनं ते सांगितलं नाही. सांगणार तरी काय? दुःख दोघींचं सारखंच होतं, पण एकीच्या दुःखाला लोक टाळ्या वाजवत होते.

तरी त्या भांडत नसत. स्वयंपाकघर एक होतं, दुपारचा चहा एक होता. दोघीही नवऱ्याचं नाव न घेता 'हे' म्हणायच्या आणि कुठले 'हे' ते आवाजावरून ओळखायच्या. थोरली 'हे' म्हणताना नकळत पाठ ताठ करायची. धाकटीला तेवढ्यानंही आत काहीतरी टोचायचं.

कार्यक्रमाआधी रस्ते खात्याचा इंजिनियर नगरपालिकेच्या सभागृहात बैठक घ्यायला आला. तरुण, मवाळ बोलणारा माणूस. ट्रक थांबायच्या जागी एक मोठी शिळा उभी करायची होती. तिच्यावर नाव आणि पदक येणारच होतं, पण माणूस म्हणून ते कसे होते हे सांगणारी एखादी आठवणही कोरावी, असं त्याच्या मनात होतं. त्यानं थोरलीला बोलायला सांगितलं.

थोरलीच्या आठवणी तीन होत्या. भुकेल्या कुत्र्याला आपल्या ताटातलं देण्याची, शर्यतीत पडलेल्या मित्रासाठी थांबण्याची आणि निघताना दारात मागे वळून हसण्याची. इतक्या वर्षांत धाकटीला त्या इतक्या पाठ झाल्या होत्या, की थोरली कुठे श्वास घेणार आणि कुठे डोळे पुसणार हेही ती सांगू शकली असती. थोरलीनं कुत्र्याची आठवण सुरू केली, तसा इंजिनियर अदबीनं म्हणाला, की ही शाळेच्या पुस्तकात आली आहे, एखादी नवी असेल तर बघा. थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग बोलायला लागली.

ते रजेवर आले होते, असं ती म्हणाली. बेकरीवाल्यांच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि दवाखाना डोंगरापलीकडे. डेअरीचा ट्रक दारात उभा होता, तो त्यांनी काढला. अर्ध्या वाटेवर पावसानं दरड कोसळलेली. रस्ता इतका अरुंद, की गाडी वळवायला जागा नाही. मग त्यांनी तो ट्रक उलटा, पार खालच्या फाट्यापर्यंत, खिडकीतून मान बाहेर काढून मागे आणला आणि दुसऱ्या रस्त्यानं बाईला वेळेत पोचवलं. पोरगी सुखरूप झाली.

सभागृहात टाळ्या वाजल्या. इंजिनियर भराभर लिहून घेत होता. मागच्या रांगेत बसलेले बेकरीवालेही टाळ्या वाजवत होते.

धाकटीच्या मांडीवरची पर्स खाली पडली, ती तिनं उचललीही नाही. तो ट्रक तिच्या नवऱ्यानं चालवला होता. थोरल्या दिरांना ट्रकच काय, सायकलसुद्धा धड येत नव्हती.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "ताई, कुणाची गोष्ट सांगितलीत?"

थोरली पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिली. "मी नाव कुठे घेतलं? 'ते' म्हटलं फक्त."

"सगळ्या सभागृहाला कळलं 'ते' कोण ते."

थोरली खाली बसली. मग ती जे बोलली ते धाकटीनं आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर नवरा रजेवर दोनदाच आला. त्यातली एक रजा पाहुण्यांतच गेली. त्या तीन आठवणींतली शर्यतीची तर तिनं सासूकडून ऐकलेली होती. माणूस तापट होता, घोरायचा, भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तो आता गावाचा होता. "तू तुझ्या 'ह्यां'ना अजून शिव्या घालतेस," थोरली म्हणाली. "तुला चार वर्षं मिळाली, पोरगी मिळाली. तू लेकीला म्हणतेस, बापासारखी हट्टी आहेस. मी कुणाला काय म्हणू? मला तुझा हेवा वाटतो गं. रोज वाटतो."

धाकटीला तिची दया यायला हवी होती. आली नाही. इतकी वर्षं हेवा करणं हा आपला हक्क आहे असं तिला वाटत आलं होतं, आणि आता थोरलीनं त्यातही वाटा मागितला, असंच तिच्या मनात आलं. ती म्हणाली, "रस्ता तुम्हाला, पदक तुम्हाला. माझ्याकडे तो एक ट्रक होता."

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. बेकरीवाले भट्टीतून निघालेले ट्रे मांडणीवर सरकवत होते. काउंटरवर त्यांची लेक बसली होती, तीच, त्या दिवशी जन्मलेली, आता स्वतः दोन मुलांची आई. धाकटीनं सरळच सांगितलं, की इंजिनियरला फोन करा आणि ट्रक कोणी चालवला ते सांगा. तुम्ही त्या ट्रकमध्ये होतात.

बेकरीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एक ट्रे सरळच होता, तो त्यांनी पुन्हा सरळ केला.

"वहिनी, ते थोरलेच होते की," ते म्हणाले.

धाकटीला क्षणभर ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. बेकरीवाले पुढे बोलतच राहिले. लष्करी टोपी घातलेली होती म्हणे, मिशीवरून पाणी ठिबकत होतं म्हणे. धाकट्याला मिशी नव्हती. ते ठरवून खोटं बोलत नव्हते, हेच तिला जास्त लागलं. एका रात्रीत त्यांना खरोखरच तसं दिसायला लागलं होतं. आमच्या पोरीचा जन्म शिळेवर येणार आहे, अशा पदकवीराच्या हातून ती जगात आली, हे आता कशाला मोडता, असं ते अजिजीनं म्हणाले. लेक काउंटरवरून एकदा बापाकडे, एकदा धाकटीकडे बघत राहिली.

घरी येऊन धाकटीनं हे थोरलीला सांगितलं ते टोमणा म्हणून. "घ्या. तुमची गोष्ट पक्की झाली. साक्षीदारही मिळाला."

थोरली कांदा चिरत होती. तिचा हात थांबला.

"असं म्हणाले ते? गाडीत बसलेला माणूस असं म्हणाला?"

"मिशीसकट."

थोरलीचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "मला एक आठवण हवी होती. धाकट्या भावजींना पुसून टाकायचं नव्हतं मला." कांदा तसाच टाकून तिनं इंजिनियरला फोन लावला. शिळेचा मजकूर कालच कोरायला गेला आहे, आता कार्यक्रमानंतर काय ते बघू, असं तो पलीकडून म्हणाला. धाकटीनं कांदा पुढे ओढला आणि चिरायला घेतला. फोननं काही होणार नव्हतं हे तिला माहीतच होतं. थोरलीनं फोन केला म्हणून तिला बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी रस्त्याच्या कडेला मांडव घातला होता. शिळेवर कापड होतं. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि थोरल्याचं नाव, पदक आणि खाली त्या ट्रकची गोष्ट असं सगळं उन्हात चमकायला लागलं. धाकटीनं शेवटची ओळ वाचली आणि नजर फिरवून रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहत राहिली.

थोरलीला बोलायला बोलावलं. ती माईकपाशी गेली, कागद तिच्या हातात नव्हता.

"आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नव्हती," ती म्हणाली. "सायकलवरूनसुद्धा पडायचे."

लोक हसले, प्रेमानं.

"हसू नका. या दगडावर लिहिलंय तो ट्रक माझ्या धाकट्या दिरानं चालवला. माझे धाकटे दीर त्याच लढाईत ट्रक चालवतानाच गेले. त्यांना कुणी काही दिलं नाही, आणि जे त्यांचं होतं ते मी सभागृहात माझ्या नवऱ्याच्या नावावर सांगितलं. मी खोटं बोलले."

धाकटीला वाटलं, आता कुणीतरी आपल्याकडे बघेल, आता कुणीतरी विचारेल. मग कुठूनतरी एक टाळी वाजली, आणि पाठोपाठ टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. लोक उभे राहिले. पाहुण्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि भाषणात म्हणाले, की असा कबुलीजबाब द्यायला वीराच्याच पत्नीचं काळीज लागतं. बायका थोरलीला मिठ्या मारायला धावल्या. धाकटी जिथे होती तिथेच, हातात थोरलीची पर्स घेऊन, उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता 'वीरपत्नीचं मोठं मन'. धाकट्याचा उल्लेख 'एक नातेवाईक' असा होता.

थोरलीनं ते वाचलं आणि पेपर धाकटीपुढे ठेवून विचारलं, "मी काय करायला हवं होतं, सांग."

"काही नाही. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, ताई. म्हणूनच जास्त राग येतो."

थोरली यावर चिडली नाही. उलट तिला हसू फुटलं, आणि ते दाबायला गेली तर ठसका लागला. धाकटीनं तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जोरातच. मग तिलाही हसू आलं. राग गेला नव्हता, पण तो आता निदान दोघींना माहीत होता.

पुढे इंजिनियरनं शब्द पाळला. शिळेवरची गोष्ट राखाडी लांबी भरून बुजवली गेली. नवी कोरायला मंजुरी लागते म्हणे, ती आली नाही. नावाखाली एक फिकट चौकोन तेवढा राहिला.

काही दिवसांनी बेकरीवाल्यांची लेक टेम्पोच्या सीटचं फाटलेलं कव्हर घेऊन दुकानात आली. कव्हर टेबलावर ठेवलं तरी ती निघेना. बाबांना सांगू नका, पण आई जाण्याआधी नेहमी धाकट्यांचंच नाव घ्यायची, असं ती म्हणाली. मग तिनं स्टूल ओढलं.

"मला सांगा ना, ते कसे होते?"

धाकटीनं मशीन बंद केलं. तिनं दरड सांगितली, खालचा फाटा सांगितला, खिडकीतून बाहेर काढलेली ओली मान सांगितली. पोरीची आई वेदनेनं ओरडायला लागली, की हे त्याहून मोठ्यानं गाणं म्हणायचे, आणि तेही बेसूर, हे सांगताना दोघी हसल्या. पोरीला ऐकताना कुठेकुठे रडू येत होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याचे हात इतके थरथरत होते, की शर्टाची बटणं तिला काढून द्यावी लागली होती, आणि मग तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला होता. तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. ते कुणालाच द्यायचं नाही असं ठरवून तिनं कव्हर उलटं केलं, उसवलेली शिवण शोधली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.