बाबांच्या मांडीवरची गिटार

पोटावर टिचक्या खाऊन वर गोड गाणारं कुणी पाहिलंय तुम्ही? ती मी, फ्लामेंको या स्पेनमधल्या नाचगाण्याची गिटार. माझ्या कारागिराने हलकं, पिवळसर लाकूड तासून मला घडवलं. या वादनात तारा छेडता छेडता बोटाने लाकडावरही टकटक करायची असते. नुसते गोड सूर पुरत नाहीत, ताल आधी.

माझ्या पहिल्या मालकिणीचे हात दुखायला लागले आणि मी कपाटावर धूळ खात पडले. चांगलीच फुगून बसले होते. मग शेजारचे बसचालक मला मागून घेऊन गेले. त्यांच्या लेकीचं ऐकून मीही त्यांना बाबाच म्हणते.

त्याचं असं झालं, ही लेक फ्लामेंको नाच शिकत होती. वर्गातला गिटारवाला गाव सोडून गेलेला आणि कार्यक्रम तीन महिन्यांवर आलेला. रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नाचायला ती तयार नव्हती.

"बाबा, तू वाजव ना."

"बघू," तरुणपणी थोडीफार गिटार वाजवलेले बाबा म्हणाले, मला मागून आणलं आणि त्या दिवसापासून तारा छेडायला नखं वाढवायला लागले.

ताल बारा मात्रांचा, पण जोर द्यायच्या जागा सारख्या अंतरावर नाहीत. कुठे तीन मात्रांनी जोर, कुठे दोनच. बाबा हटकून घसरायचे. मग जेवताना टेबलावर, आंघोळीला बादलीवर ठोकाठोक. "निदान ताटाला तरी सोडा!" लेकीची आई करवादायची. शेवटी ताल बोटांत बसला.

पण लेक नाचायला उभी राहिली की पंचाईत. बाबांची नजर तिच्या पायांवर. तिचा पाय पडला की मग यांचं बोट. ती बिचारी माझ्या आवाजाची वाट बघायची, हे तिच्या पायाची. ताल मंदावत मंदावत दोघं चक्क एकमेकांकडे बघत उभी! आरशात धावता प्रवासी दिसला तरी बस थांबवणारा माणूस. लेकीसाठी थांबणार नाही तर काय?

नाचाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती चुकली तरी वाजवत राहा. तुम्हीच थांबलात तर ती परत येणार कुठे?"

बाबांना ते पटलं, पण जमेना. लेकीला मागे टाकून पुढे जायचं म्हणजे काय!

कार्यक्रमाचा दिवस आला. नाच रंगला आणि मध्येच लेकीची गिरकी चुकली. ती गोंधळून थांबली. मला वाटलं, संपलं सगळं. पण बोट थांबलं नाही. डोळे घट्ट मिटून ते वाजवत राहिले, गालावरून पाणी वाहत होतं. एक आवर्तन रिकामं गेलं. पुढच्याला तिची टाच नेमकी माझ्या टकटकीवर पडली.

नाच संपल्यावर ती धावत आली. "बाबा, मी हरवलेच होते रे. तुझं वाजवणं ऐकू येत होतं, म्हणून परत आले."

बाबांनी तिला जवळ ओढलं. मला खाली ठेवायचं भानच राहिलं नाही. दोघांच्या मध्ये मी अशी काही चेपले की माझ्या कुशीला बारीक चीर गेली.

आवाज अजून खणखणीत आहे माझा. तरी बाबा ती चीर बघून हळहळतात, कारागिराकडे न्यायच्या गोष्टी करतात. नका हो नेऊ. मला वाजवलं पुष्कळांनी, पण मिठीत मी त्या एकदाच होते. ती खूण राहू द्या माझ्या अंगावर.