कुंकवाखालचा खड्डा

मी एक जुनी पोलादी थाळी आहे. हसू नका मित्रांनो, माझ्यात कोणी कधी वरणभात कालवला नाही. मी नेमबाजीच्या क्लबातले निशाण. हैदराबाद शहर जिथे विरळ होते आणि एकावर एक रचल्यासारखे खडक दिसू लागतात, तिथे एका लाकडी चौकटीला मी साखळीने टांगलेली असे. गोळी बसली की मी वाजे. तेच माझे काम आणि तीच माझी शाबासकी. पण आज मला ते कौतुक सांगायचे नाही. एका मुलीचा डोळा माझ्यापायी जाता जाता कसा राहिला, ते सांगायचे आहे.

बालानगरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला आगीने कापले नाही, पाण्याच्या बारीक, जोरकस धारेने कापले. कारण माझ्या जातीचे पोलाद फार तापले की मऊ पडते, आणि मऊ पोलादावर खड्डे पडतात. क्लबात आणून मला सरळ टांगले नाही. देवापुढे मान लववावी तसे किंचित पुढे झुकवून टांगले. त्यातही अर्थ होता. शिशाची गोळी गुळगुळीत अंगावर आपटली की चपटी होऊन फुटते आणि तिचे कण कडेने, खाली वाळूत जातात. पण अंगावर खड्डा असला तर? तुमच्या स्वयंपाकघरात नळाखाली पळी धरून बघा. पाणी कसे उलटे तोंडावर उडते! तिथे पाणी असते, मित्रांनो. इथे शिसे असते.

म्हणून क्लबाचे सचिव प्रतापराव गोळ्यांच्या बाबतीत फार कडक. हिमायतनगरच्या जुन्या वकील घराण्यातले गृहस्थ. शिसे मऊ, ते माझ्याशी नमते घेते. पोटात पोलाद असलेली गोळी मात्र मला खणते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गोळ्या तपासायच्या टेबलावर त्यांनी लाल दोऱ्याने एक लोहचुंबक बांधून ठेवला होता. गोळी कोणाचीही असो, आधी तिला चुंबक लावायचा. चिकटली तर ती परत पिशवीत. बड्या बड्या पाहुण्यांच्या गोळ्या त्यांनी चहा पाजून परत पाठवल्या होत्या.

आणि माझी खरी माय म्हणजे प्रशिक्षक त्रिवेणीबाई. राहायला गौलीगुड्यात. तिथल्या देवळात कीर्तन असले की यांची जागा पहिल्या रांगेत. रोज सराव संपला की त्या माझ्या अंगावरून तळहात फिरवत, कुठे ओरखडा, कुठे खळगा पडला का ते चाचपत, आणि पांढरा रंग देत. तोंडाने आदल्या रात्रीचे पद चालूच. माझा नाद त्यांना झांजेसारखा वाटे. मुले चिडवत, "ताई रोज थाळी घासतात, जेवायला आहे तरी काय?" त्या मान वर न करता म्हणत, "शिसं आहे. वाढू का?"

बुवा जसे पूर्वरंगात सिद्धांत सांगून मग आख्यान लावतात, तसा माझा पूर्वरंग इथे संपला. आता आख्यान ऐका.

खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. त्रिवेणीबाई झेंडूची फुले आणायला बाजारात गेल्या होत्या. प्रतापराव मंडपवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होते. तेवढ्यात त्यांचा भाचा युवराज आपली मोठी रायफल घेऊन आला. सुलतान बाजारात त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान. पोरगा मनाचा वाईट नाही, पण भारी हौशी. त्याच्या डबीत लालसर, झळझळीत गोळ्या होत्या.

प्रतापरावांनी सवयीने चुंबकाकडे हात नेला. युवराज म्हणाला, "मामा, तांब्याच्या आहेत. तांबं कधी चुंबकाला चिकटलंय का?"

प्रतापराव हसले. म्हणाले, "वकिली आमच्या घराण्याची, जीभ मात्र तुला मिळाली." आणि फोन कानाला लावून त्यांनी हातानेच 'जा' म्हटले.

मित्रांनो, तांबे नुसते वरचे सोवळे होते. आत पोलाद होते.

पहिली गोळी बसली तेव्हा मी वाजले नाही, किंचाळले. दुसरीने माझ्या छातीत खड्डा केला. त्याच्या कडा वर उचलल्या गेल्या. सुदैवाने युवराज खूप लांब होता. जवळ येऊन त्याने खड्डा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. ही गोष्ट मामांना कळली तर आपले क्लबात येणे बंद, हे त्याला न सांगता कळत होते. तो गेला, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडून लप्पम घेऊन आला. इकडे भिंतीतली भोके, गाडीचे पोचे ज्या लुकणाने भरतात त्याला सगळे लप्पमच म्हणतात. त्याने तो खड्डा भरला, वरून पांढरा रंग मारला, आणि मी नव्या नवरीसारखी दिसू लागले. त्याला वाटले, झाली दुरुस्ती.

लप्पमला कसली ताकद? एका गोळीने ते उडणार, आणि त्याखालची ती पळी वाट बघत बसलेली.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुलले. रायफलींना हार, टेबलावर जम्मीची, म्हणजे शमीची पाने, कर्ण्यावर सनई. त्रिवेणीबाई धावतपळत आल्या. माझा ताजा रंग बघून खूश झाल्या आणि रोजचा हात फिरवायचा राहून गेला. सणाची पहिली गोळी शर्वरीने झाडायची होती. ती त्यांची लाडकी शिष्या. राज्याच्या संघात नुकतीच निवडली गेलेली, जेमतेम कॉलेजात पाऊल टाकलेली. पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून प्रतापरावांनी नेम धरायची रेघ पुढे आणवली होती. फोटो काढणारा तिला म्हणाला, चष्मा चमकतो, जरा वर कर. तिने डोळे राखणारा जाड चष्मा कपाळावर सरकवला आणि कानांवर आवाजबंद टोप्या चढवल्या.

मला सगळे दिसत होते. मला बोलता येत नव्हते.

त्रिवेणीबाई हळदीकुंकू घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी अनामिका कुंकवात बुडवली आणि माझ्या छातीच्या मधोमध टेकवली. नेमकी तिथेच! बोट किंचित आत रुतले. देवा, मला वाटले, आता कळले. पण मागून कोणीतरी हाक मारली, त्यांनी घाईने हात जोडले, आणि तबक घेऊन त्या बाजूच्या वाटेने पार मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

शर्वरीने गोळी भरली. रायफल खांद्याला लागली. ती नेहमी नेम धरताना एक दीर्घ श्वास घेते आणि अर्धा सोडते. तिने तो घेतला.

तिकडे त्रिवेणीबाईंनी बोट पुसायला रुमाल काढला आणि थबकल्या. कुंकवाखाली बोटाला पांढरे, चिकट, खरखरीत काहीतरी लागले होते. रंग असा लागत नाही. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि जीव तोडून ओरडल्या, "थांब!" सनईत तो आवाज बुडाला. शर्वरीचे कान बंद होते. बंदुकीच्या पुढे तर कोणी जाऊ शकत नव्हते. त्यांनी ते बोट उंच धरले.

ते एकाच माणसाला समजले. युवराज शर्वरीच्या मागेच उभा होता. त्याने बोट पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग मामांकडे. गप्प राहिला असता तर कोणी त्याचे नाव घेतले नसते.

त्याने तिच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि कानावरची टोपी दूर केली. "शर्वरी, नको. बोट काढ घोड्यावरून. थाळीत खड्डा आहे. मीच भरलाय."

तिने श्वास सोडला आणि घोडा न दाबता बोट काढले. रायफल खाली आली, गोळी बाहेर निघाली.

सनई बंद केली गेली. त्रिवेणीबाईंनी किल्लीच्या टोकाने माझे लप्पम खरवडून काढले. खड्डा उघडा पडला तेव्हा शर्वरीने कपाळावरचा चष्मा हळूच डोळ्यांवर ओढला. त्रिवेणीबाई तिच्यावर नाही, युवराजवर उसळल्या. "हौला आहेस का रे, वेडा कुठला? पोरीचा डोळा लप्पमनं भरणार होतास?"

प्रतापरावांनी त्याच्याकडून उरलेली एक गोळी मागितली आणि चुंबकाजवळ धरली. टक् करून ती चिकटली. सगळ्यांना वाटले, आता भाच्याचे काही खरे नाही. प्रतापरावांनी ती लाल दोऱ्याच्या चुंबकावरून ओढून काढली. मग म्हणाले, "यानं लपवलं. पण ही गोळी आत सोडली मी. तपासली असती तर खड्डाच पडला नसता." त्यांनी गोळ्यांच्या कपाटाची किल्ली त्रिवेणीबाईंच्या तबकात ठेवली. युवराजची रायफल वर्षभर कुलपात गेली.

कोणी सुचवले, खड्डा वेल्डिंगने भरा. त्रिवेणीबाई म्हणाल्या, तापवलेत तर ती उरलेलीही मऊ पडेल. हिची नेमबाजी संपली. मला खाली उतरवले तेव्हा मी भंगाराचीच वाट धरली होती. पण शर्वरीने हट्ट धरला. हाक मारून माणूस थांबत नाही, हे तिने अनुभवले होते. तिच्या सांगण्यावरून मला नेम धरायच्या रेघेमागे, खांबाला टांगले आणि शेजारी लाकडी हातोडा ठेवला. आता कोणालाही काही खटकले, अगदी लहानात लहान मुलालाही, की तो मला ठोकतो. बंद कानांतूनही मी ऐकू जाते, आणि सगळ्या बंदुका खाली होतात.

तर मित्रांनो, तुमच्याजवळ काही मोडले, चिरले, खचले तर त्यावर रंग मारू नका. मोठ्यांना दाखवा. रागावतील, रागावू देत. आणि कुठे काही चुकते आहे असे मनात आले, तर खात्री होईपर्यंत वाट पाहू नका. कित्येकदा मला उगाचच ठोकतात. काहीच निघत नाही, लोक हसतात आणि पुन्हा नेम धरतात. तशा उगाच वाजलेल्या दिवशी सगळी मुले डोळे शाबूत घेऊन घरी जातात. मला तेवढे पुरते.