चौकीसमोरचं घोंगडं

माझ्या बायकोला, लीलाबाईला जाऊन सहा दिवस झाले, तेव्हा मी घोंगडं काखेत मारलं आणि पोलीस चौकीवर गेलो. आत गेलो नाही. समोर रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली ते अंथरलं आणि बसलो.

आमच्याकडे घरात मयत झालं की दारात घोंगडं अंथरतात. गावातली माणसं येतात, घटकाभर गप्प बसतात, उठून जातात. मी फक्त जागा बदलली होती.

कारण सांगतो. साल एकोणीसशे पंच्याहत्तर. आणीबाणी लागून पाच महिने झाले होते. आमच्या शाळेतल्या मास्तरांना पोलिसांनी उचललं होतं आणि कुठं ठेवलंय ते घरच्यांनाही सांगत नव्हते. दिवाळीनंतर गावातल्या पंचवीस-तीस बायका ते विचारायला चौकीवर निघाल्या. घोषणा नाही, दगड नाही. लीलाबाई म्हणाली, "तुमी येताय न्हवं?" मी म्हणालो, उसाला पाणी द्यायचंय. पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशीची होती, हे तिलाही ठाऊक होतं. मी भ्यालोय हे तिला कळलं. ती पदर खोचून गेली.

चौकीपुढं पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एक तिच्या डोक्यात मागून बसली. घरी येऊन तिनं भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मिरजेला दवाखान्यात नेली, तिथं ती गेली. चौकीत लिहिलं, विहिरीच्या पायरीवरून पडली.

मी दोनदा गेलो. म्हणालो, साहेब, लाठीनं मेली असं लिहा. दुसऱ्या वेळी फौजदार म्हणाले, "आकाराम, तुला पण येरवड्याला जायचंय का? मिसाखाली आत टाकायला कारण लागत नाही."

मला कुणाला फाशी द्यायची नव्हती. तिचं मरण खरं लिहिलं जावं, एवढंच हवं होतं.

पहिली आली तानुबाई, मास्तरांची म्हातारी आई. गुडघ्यावर हात टेकत बसली. मग माझा चुलतभाऊ सोपान आला, मग शेजारची हरणाबाई. बायका चौकीवर गेल्या त्या दिवशी ती लीलाबाईच्या शेजारीच चालत होती. एवढ्यात चौकीतला हवालदार नाथाजी रस्ता ओलांडून आला.

"आकारामदादा, ऊठ. जमावबंदी हाय. पाच माणसं जमायची न्हाईत."

"आमी चारच हाय," मी म्हणालो.

"पाचवा तूच उभा हायस, बाबा," तानुबाई म्हणाली. "तू जा, म्हंजी कायदा मोडायचा न्हाई."

नाथाजीला हसू आलं, ते त्यानं गिळलं आणि परत गेला.

मग कुणी न सांगता तसंच चाललं. एक उठला की पिठाच्या गिरणीपासून नाहीतर पाणवठ्यावरून दुसरा यायचा. घोंगड्यावर कधीही चारच. विट्याची एसटी गेली तरी पोलिसांची जीप आली वाटून सगळ्यांच्या माना वळायच्या. मला वाटायचं, आता उठावं. प्रत्येक वेळी वाटायचं.

दुपारी नाथाजी कागद घेऊन आला. साहेबांचा हुकूम होता, जो बसेल त्याचं नाव, गाव आणि कशासाठी आला ते लिहायचं. आधी बसून गेलेल्यांनाही त्यानं हाका मारून बोलावलं.

"कशाला आलीस?" त्यानं तानुबाईला विचारलं.

"लीलाबाईच्या दुःखाला. तुमच्या लाठीनं मेली ती. लिव्ह."

"तसं न्हाई लिवता येत, आजे."

"मग इचारलंस कशाला? माझं कारण मी सांगणार का तू?"

नाथाजीनं चौकीकडं पाहिलं. मग मान खाली घालून लिहिलं. पुढच्या प्रत्येकानं तेच कारण सांगितलं.

दिवस कलताना फौजदार स्वतः आले. तेव्हा घोंगड्यावर मी, तानुबाई, हरणाबाई आणि दुसऱ्यांदा येऊन बसलेला सोपान होतो. फौजदार ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. माझ्यासमोर उकिडवे बसून त्यांनी कागद दाखवला.

"एकतीस नावं आहेत. हा कागद आज वर गेला तर एकतीस घरांपुढं जीप उभी राहील. तू घोंगडं गुंडाळ, मी कागद फाडतो. तूच ठरव."

मला हवं होतं ते त्या कागदावर होतं, पोलिसाच्याच अक्षरात. पण त्याच्यासाठी दुसऱ्यांची पोरंबाळं उघड्यावर टाकायची? मी घोंगड्याच्या कडेला हात घातला. खोटं कशाला सांगू, मी ते गुंडाळणारच होतो.

सोपान म्हणाला, "दादा, माझं नाव काढाय सांग. पोरगं पलटणीत हाय, त्याच्यावर बालंट यील."

फौजदारांनी लगेच त्याच्या नावावर रेघ ओढली. सोपान माझ्याकडं न बघता गेला. मी त्याला बोल लावत नाही. पाण्याच्या पाळीचं मी सांगितलं होतं.

"अजून कुणाचं काढायचंय?"

हरणाबाईनं बाही वर सारली. दंडावर वळ काळानिळा होता. "काढायचं न्हाई, साहेब, वाढवायचं हाय. ही बी त्याच दिवशीची लाठी हाय, माझ्या नावाफुडं लिवा."

तानुबाई म्हणाली, "माझ्या लेकाला न्हेलंसा. आता मला न्ह्या. निदान तो कुठं हाय ते तरी दिसंल."

फौजदार माझ्याकडं वळले. "बोल."

मी हात काढून घेतला. "साहेब, ज्यांची नावं हायत त्यांनी सांगावं. मी कोण फाडा म्हणणार? त्यात माझं नाव न्हाई. घरच्या माणसाचं लिवलंच न्हाई. ते घाला."

"कशासाठी आलास?"

"त्या दिवशी तिच्यासंगं आलो न्हवतो, म्हणून."

त्यांनी लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. कागदाची घडी करून खिशात घातली. थोड्या वेळानं त्यांची जीप धूळ उडवत साताऱ्याच्या दिशेनं, वरच्या कचेरीकडं गेली.

मी घरी आलो. दाराला कडी लावली. मग काढली, परत लावली. शेवटी दार उघडंच ठेवून उंबऱ्याशी बसलो. पोलीस आलेच तर दार लाथ मारून मोडायला नको.