ढीग साचतो तिथे

"काकू, ढीग कुठे साचतो तेवढंच बघायचं. जिथे ढीग, तिथे खोळंबा," आसावरी म्हणाली.

"बाह्यांपाशी असणार. ती गुलशन बोलते फार," प्रभावतीबाईंनी निकाल देऊन टाकला.

जयपूरच्या विश्वकर्मा भागातल्या त्या कारखान्यात बाई कुर्त्यांच्या लाइनीवर सुपरवायझर होत्या. नवऱ्याची रेल्वेतली बदली त्यांना भुसावळहून इथे घेऊन आली. पुढे तो वारला, बाई इथेच राहिल्या. शेठने आता बजावलं होतं, दिवाळीपर्यंत लाइनीने वेग धरला नाही तर ती बंद. म्हणजे तीस बायका घरी. तेवढ्यासाठीच नाशिकची ही इंजिनियर पोरगी आली होती.

दोघी पहिल्या मशीनपासून निघाल्या. खांदे सुरळीत, गळे सुरळीत. बाह्यांपाशी गुलशनचं तोंड चालू होतं, पण हातही चालूच होते. बाईंची जरा निराशाच झाली. लाइन संपली आणि ढीग दिसला. त्यांच्याच तपासणीच्या टेबलावर, छातीइतका. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

एकेक कुर्ती उलटी करून, शिवण ओढून बघितल्याशिवाय त्या पुढे सोडत नसत. खोट सापडेपर्यंत तशाच कितीतरी शिवून झालेल्या असत, मग बसा उसवत. पण बाईंच्या नजरेतून धागा सुटत नाही, असं सगळा कारखाना म्हणायचा, आणि ते त्यांना फार आवडायचं.

"मी शेठना दुसरं काहीतरी सुचवते," आसावरी खाली बघत म्हणाली.

"तुला आधीच दिसलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच. मतलब, म्हणून काय तीस चुली विझवायच्या?"

बाई लाइनीकडे वळल्या. आवाज खणखणीत निघाला. "सुनो सब! अब से हर कोई पहलेवाली की सिलाई देखेगी. सही हो तभी मशीन चलेगी. गलत हो तो वहीं से वापस."

"और आप, दीदी?" गुलशनने विचारलं.

"मैं हूँ ना यहीं." बाईंनी ढीग बाजूला काढून टेबलाचं एक टोक धरलं. "आसावरी, बघत काय उभी राहिलीस? उचल."

टेबल हटवल्यावर त्याखालचा कचरा त्यांनी स्वतः झाडला.

दुपारी गुलशनने एक चुकलेला गळा परत पाठवला, बाईंकडे न बघता. कुर्त्या थेट इस्त्रीकडे निघाल्या. एक जवळून गेली तसा बाईंचा हात आपसूक पुढे झाला. त्यांनी तो आवरला, पदर खोचला आणि गुलशनचं संपत आलेलं रीळ बदलायला गेल्या.