ताराबाईची पाळत

ताराबाई दाराआड उभी राहून पोरीचा खोकला मोजत होती. सकाळपासून घरात सतरा वेळा. आणि पोर समोरच्या मंजुश्रीच्या कट्ट्यावर तासभर बसली होती, तेव्हा? एकदाही नाही. चोर सापडलाच होता, कबुली तेवढी बाकी होती.

तेरा वर्षांच्या तेजस्वीला ब्राँकायटिस झाला होता. ताप उतरून आठ दिवस झाले. निपाणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोकला अजून दोन-तीन आठवडे रेंगाळेल. विश्रांती द्या, कोमट पाणी पाजा, धूर-धुळीपासून लांब ठेवा. ताराबाईला तिथंच संशय आला. खोकला कधी जाणार हे डॉक्टरला आधीच कसं ठाऊक? आणि नेमकी त्याच आठवड्यांत कन्नडची परीक्षा कशी काय? डॉक्टर आणि पोरगी आतून एक असणार. तरी धुळीसाठी म्हणून ती रोज दारात बादलीभर सडा मारत होती. आपल्याकडून कसूर नको.

मंजुश्री म्हणाली, पोर वाळलीय गं. म्हणजे मंजुश्रीही सामील.

ताराबाई वीस वर्षं घरात बसून विड्या वळत आली होती. मांडीवर तंबाखूचं सूप. हातांना डोळे लागत नसत, त्यामुळे डोळे पाळतीला मोकळे. दुपारी तिनं निकाल दिला.

"शाळा नको न्हवं? मग बस हितं. वळ विड्या."

तेजस्वी सुपाशी येऊन बसली. ताराबाईनं सूप हलवलं. उन्हाच्या पट्ट्यात पिवळी भुकटी उठली आणि पोर खोकायला लागली ती थांबेचना. ताराबाईनं आठपर्यंत मोजलं. मग पोरीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली आणि आकडा हरवला. नाटकात असा घाम फुटत नाही. तिनं पोरीला उचलून समोरच्या कट्ट्यावर नेलं, तिथून दवाखान्यात. डॉक्टरांनी वाफ दिली आणि धुळीचं तेच पुन्हा सांगितलं. धूळ कुठली, ते या खेपेला ताराबाईला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूप मागच्या परसात गेलं. घरात तेजस्वी कन्नडचं पुस्तक घेऊन बसली, तासभर चिडीचूप. खोकला ऐकू येत होता तो परसातून.

तेजस्वी खिडकीशी आली. "आई, तुला कवापास्नं गं?"

"ह्यो व्हय? ह्यो काय खोकला न्हाय. कामाचा हाय ह्यो. अभ्यास कर जा."

वारा घराकडं वळला. ताराबाई सुपासकट उठली आणि खिडकीकडं पाठ करून बसली.