चौदाव्या मजल्यावरचं भजन

अंधेरीच्या त्या दुकानात ऋता नावाची मुलगी पाऊण तास चंद्रप्रकाशसाठी खपत होती, आणि गिऱ्हाईक मोठं दर्दी आहे अशी तिची समजूत झाली होती. बिचारीचा काय दोष? माणूस ऑफिसातून अर्धी रजा टाकून हेडफोन घ्यायला येतो, घरी निवांत बसून ऐकायला हवेत म्हणतो, ब्लूटूथ नको, वायरचेच पाहिजेत म्हणतो, म्हणजे दर्दीच असणार. म्हणून तिने आधी ओपन-बॅक काढून दिले. त्यांच्या वाट्यांना मागून जाळी होती. चंद्रप्रकाशने ते कानांवर चढवले तर गाणं मोकळं पसरलं, खोलीच्या भिंतीच काढून टाकल्यासारखं.

"झकास ना, सर?"

"झकास आहेत. पण बाहेर आवाज येतो?"

"थोडा येणारच ना. जाळी आहे."

"मग नकोत."

ऋताने क्लोज्ड-बॅक मांडले, पाठ बंद असलेले. चार जोड. चंद्रप्रकाश एकेक जोड तिलाच घालायला लावायचा, आवाज वाढवायचा आणि स्वतः हातभर अंतरावर उभा राहून कान टवकारायचा. हेडफोन कसे वाजतात ते सोडून, ते बाहेर वाजत नाहीत ना एवढंच तपासणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नसणार. शेवटी तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यालाच लाज वाटली.

"वडलांसाठी आहेत," तो म्हणाला. "ब्याऐंशी वय आहे. ऐकायला कमी येतं."

झालं, मुलगी विरघळलीच. आजोबांना चष्मा आहे का? जाड काड्यांचा? मग घट्ट बसणारे नकोत, काडी कानामागे रुतते. वजनाला हलके हवेत, तासभर घातले तरी मान भरून यायला नको. तिने कापडी गादीचा जोड पुढे केला. बोट लावलं की आत जाईल इतका मऊ, आणि वारा खेळता, मुंबईच्या उकाड्यात घाम यायचा नाही. चंद्रप्रकाशने तो तिच्या कानांवर चढवून पाहिला. कापडातून आवाज झिरपत होता. अगदी थोडा, पण होता.

"हा चामड्यासारखा दिसतो तो?"

"त्यातून काहीच बाहेर येणार नाही. गादीही जाड आहे, रुतणार नाही. पण सर, कान तापतील आजोबांचे."

"चालेल," चंद्रप्रकाश म्हणाला. कान बापाचे होते, चालेल म्हणायला याचं काय जात होतं?

"आजोबा नशीबवान आहेत. एवढं बघून कोण घेतं वडलांसाठी?" खोकं बांधताना ऋता म्हणाली. चंद्रप्रकाशने मान खाली घालून पिशवी उचलली आणि दुकानातून काढता पाय घेतला.

आता हे आजोबा कोण, ते सांगायला हवं. धाकू परब, गिरणीतला जुना कामगार, पण लालबागच्या त्यांच्या चाळीत त्यांना कोणी कामगार म्हणून ओळखतच नव्हतं. ते धाकूबुवा. पेटीवर बोटं ठेवून त्यांनी पहिला आलाप घेतला की वरच्या मजल्यावरच्या बायका हातातलं लाटणं टाकून जिन्यात येऊन बसायच्या. दर गुरुवारी परबांच्या खोलीत भजन, आणि भजनाला दार उघडं. दार लावून भजन करणं म्हणजे शेजाऱ्यांना दाराबाहेर ठेवून जेवायला बसणं, असा तिथला हिशेब. गिरणी गेली, चाळ गेली, मंडळातली निम्मी माणसंही गेली. उरल्या काही कॅसेटी. त्या चंद्रप्रकाशने हौसेने पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणून जोडून दिले. म्हणजे मुळात आग लावली ती यानेच.

कांदिवलीच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर रोज संध्याकाळी सहाला धाकूबुवा सदरा घालून, केस विंचरून बसायचे. आधी फ्लॅटचं दार सताड उघडायचे, मग बटण दाबायचे. ऐकायला कमी येत असल्याने आवाज मोठा, आणि कानाचं यंत्र शिटी मारतं म्हणून ते कपाटात. समोरच्या वसुधाबाई घरी शिकवण्या घेत, त्यांची मुलं पखवाजाच्या ठेक्यावर पाढे म्हणू लागली. बाजूच्यांच्या मुलीची बारावी. सोसायटीच्या ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं आली, मग नुसते शब्द आले, मग सेक्रेटरीचं पत्र आलं.

बाबांना एवढंच सांगायचं होतं, की लोकांना त्रास होतो. पाच मिनिटांचं काम. चंद्रप्रकाश महिनाभर ते सांगायला त्यांच्यासमोर बसला आणि महिनाभर चहा पिऊन उठला. धाकूबुवांच्या भजनाचा कोणाला त्रास होऊ शकतो, ही गोष्टच त्या माणसाच्या डोक्यात कधी शिरलेली नव्हती, आणि ती शिरवणारा आपण व्हावं, हे याला जमेना. म्हणून हे हेडफोन.

"ह्या काय हाडलंस?" बाबांनी खोकं बघून विचारलं.

"तुम्हाला स्वच्छ ऐकू यावं म्हणून आणलंय. घालून तर बघा."

त्याने ते त्यांच्या डोक्यावर नीट बसवले, चष्म्याची काडी सोडवून घेतली, वायर जोडली आणि बटण दाबलं. बाबांचे डोळे मोठे झाले. हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला. "अरे, हो तर आमचो शिवदास!" ते ओरडले. शिवदास त्यांचा पखवाजी, जाऊन वीस वर्षं झाली. "तेचो डावो हात आयकाक येता रे, चंदू! डावो हात!"

चंद्रप्रकाशचा जीव भांड्यात पडला. सगळं इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण बाबांनी एक कान उघडा केला, उघड्या दाराकडे बघितलं आणि विचारलं, "लोकांका आयकाक येता मां?"

वायर जोडली की स्पीकर आपोआप गप्प होतात. अ‍ॅम्प्लिफायरचा निळा दिवा मात्र लागलेलाच राहतो. चंद्रप्रकाशने त्या दिव्याकडे बोट केलं.

"येतं ना. दोन्हीकडून वाजतं."

वेळ मारून नेली. स्वयंपाकघरातून रुचिराने हे ऐकलं होतं. ती बाहेर आली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि रात्रीच्या भाजीला लागली. बाबा फिरायला गेल्यावर म्हणाली, "तू बोललायस, तूच निस्तर. मला मध्ये घेऊ नकोस."

निस्तरायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. बाबांनी लिफ्टपाशी वसुधाबाईंना गाठलं. "काल कसा वाटला?" वसुधाबाई गोंधळल्या. मागे उभ्या असलेल्या चंद्रप्रकाशने हात जोडून खुणा केल्या, आणि बाई भल्या, म्हणाल्या, "फार छान, आजोबा." संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला, मग बाजूच्यांकडे. एवढं एक सांभाळून घ्या, म्हणाला. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. आवाज बंद झाल्यावर माणसं किती प्रेमळ होतात! जो तो येताजाता बाबांना म्हणू लागला, वा बुवा, काल गजर काय रंगला होता.

आणि धाकूबुवा खुलले. दाढी रोज होऊ लागली. कोणाला काय आवडलं ते लक्षात ठेवून ते दुसऱ्या दिवशी तेच लावायचे. "वसुधाक ह्यो अभंग व्हयो," असं म्हणून उघड्या दारासमोर हेडफोन घालून बसायचे, कानांच्या पाळ्या घामाने लाल व्हायच्या, आणि घरभर नुसता पंख्याचा आवाज असायचा. चंद्रप्रकाश ऑफिसातून यायचा तेव्हा हेच दिसायचं. बाप हसून हाताने ताल देतोय, दाराबाहेरून माणसं पिशव्या घेऊन जातायत, बाप त्यांना मान लववतोय. त्याला जोडे काढून आत यायला जड जायचं. तीन महिने रोज त्याने ठरवलं, की उद्या सांगू. दर उद्याला बाबा आणखी थोडे खुश असायचे.

मग तो रविवार आला. सहाच्या ठोक्याला बाबांनी हेडफोन उचलले आणि स्वतः न घालता मुलाच्या हातात दिले.

"आज तू बस. मी भायर जावन आयकतंय."

"कशाला बाबा? बसा ना तुम्ही."

"अरे, कधी बघूकच नाय मी. आमची रीत होती ती."

चाळीत भजन उभं राहायच्या आधी मंडळातला एक जण गॅलरीच्या पार टोकाला, शेवटच्या खोलीपाशी जाऊन उभा राहायचा. शब्द तिथवर पोचतात का, पखवाज आवाजाला खातो का, हे तो बघायचा आणि हात वर करून सांगायचा. त्याने हात वर केल्याशिवाय बुवा पुढे गात नसत. आज धाकूबुवा स्वतः तो माणूस व्हायला निघाले होते. चंद्रप्रकाश आडवा येईपर्यंत ते काठी टेकत पॅसेजमध्ये पोचलेही.

वायर उपटायची, बस. स्पीकर गर्जले असते. चंद्रप्रकाशचा हात पुढे गेलाही होता. पण बटण दाबताना त्याने हेडफोन कानांवर चढवले, बाबांनी वळून बघितलं तर दिसावेत म्हणून, आणि तो तिथेच बसला.

तीन महिन्यांत त्याने हे एकदाही ऐकलं नव्हतं. लहानपणी ऐकलं ते झोपेत, मग अभ्यासाच्या वेळी कानात बोटं घालून. आता दोन्ही कान बंद झाले, पंखा गेला, कांदिवली गेली, आणि चाळीशीतला त्याचा बाप गायला लागला. काय आवाज होता! कुठेतरी कपबशी वाजली, कोणीतरी खोकलं, एक पोर रडलं आणि त्याला कोणी थोपटलं, आणि या सगळ्यांना बरोबर घेऊन तो आवाज वर चढत गेला. हा माणूस रोज संध्याकाळी हे वाटायला बसत होता आणि आपण त्याला झाकण लावलं. चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. मिनिट गेलं की पाच, त्याला कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा बाबा समोर होते. ते पॅसेजच्या टोकापासून एकेक पाऊल आत आले असावेत, ऐकत ऐकत. आता ते स्पीकरसमोर वाकले होते. कान त्याच्या जाळीला टेकलेला, डोळे निळ्या दिव्यावर. चंद्रप्रकाशने हेडफोन ओढून काढले.

"लावलंस मां तू?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबा सावकाश खुर्चीत बसले. 

"चंदू, तू बोलतंस ता माका आयकाक येता. लिफ्टचा दार वाजला, ताही आयकलंय. पण भजन येणा नाय रे. जरासुद्धा नाय. गाणा तेवढा गेला माझ्या कानातसून." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हातारपणात काय काय जाता ता म्हायत होता. पण ह्या आधी जातला असा नाय वाटला."

रुचिरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. चंद्रप्रकाशने तिच्याकडे बघितलं. गप्प बसलं तर बाप बहिरा ठरतो, आणि बोललं तर... पण आता मूग गिळून बसायला जागाच उरली नव्हती.

"तुमच्या कानांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "आवाज बाहेर येतच नाही, बाबा. हे घातलं की स्पीकर बंद होतो. पहिल्या दिवसापासून."

"पण तू म्हणालंस दोन्हीकडून..."

"खोटं बोललो."

बाबा दिव्याकडे बघत राहिले. जुन्या माणसाला यंत्र समजायला वेळ लागतो, पण माणसं लगेच समजतात.

"मगे तीन म्हयने मी कोणाक आयकवत होतंय?"

चंद्रप्रकाशने हातातले हेडफोन खाली ठेवले.

"आणि वसुधा? ती बरा वाटला म्हणा होती ती?"

"मीच सांगितलं होतं तिला. सगळ्यांनाच. माझी चूक झाली, बाबा. लोकांच्या तक्रारी होत्या, मला तुम्हाला सांगवेना..."

"म्हणजे सगळ्यांका म्हायत होता," बाबा म्हणाले. ते रागावले असते तर चंद्रप्रकाशला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. मजल्यावरच्या एकेका माणसाला मान लववून केलेला नमस्कार आठवत असावेत, तसे ते दाराबाहेर बघत राहिले.

चंद्रप्रकाशला ते बघवेना. तो उठला आणि त्याने वायर खसकन उपटली. धाकूबुवांचा चाळीशीतला आवाज घरात आणि पॅसेजमध्ये एकदम भरून आला, पखवाज, टाळ, शेजारपाजारच्या माणसांचा कोरस. लिफ्टपाशी कोणीतरी थबकलं. येऊ देत तक्रारी, चंद्रप्रकाशच्या मनात आलं, बघू काय करतात ते.

धाकूबुवा अर्धवट उठले. समोरच्या बंद दाराकडे त्यांनी एकदा ओशाळून बघितलं आणि मुलाला हाताने घाईघाईने खूण केली.

"बंद कर, चंदू," ते म्हणाले. "बंद कर आधी. लोकांका तरास होता."