टाकीजवळची छत्री

"ताई, राऊटर बंद करून परत चालू करा," अंकित फोनवर म्हणाला.

"मघापासून तेच करतेय. हिरवा दिवा लागतो आणि जातो."

"येतो मी."

आळे गावच्या बाजारात अंकितच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून तो आसपासच्या वस्त्यांना इंटरनेट देतो. आमच्या वस्तीपर्यंत वायर येत नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ अँटेनाची परातीएवढी छत्री आहे आणि तिचं तोंड डोंगरावरच्या टॉवरकडे. माझे वडील, अण्णा, आयुष्यभर बोअरच्या मोटारी दुरुस्त करत आले. छत्रीसाठी पाईप त्यांनीच उभा केला आणि ट्यूबच्या रबरानं ती त्याला आवळली. बोल्ट वाऱ्यानं खिळखिळा होतो, रबर धरून ठेवतं, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा गेले तेव्हा मी पुण्याहून आले, ती इथंच राहिले. काम घरून चालू होतं, पण भर दुपारच्या मीटिंगमध्ये माझा आवाज रोज तुटायचा. आरती मॅडमनी शेवटी सांगितलं होतं: सोमवारीही असंच झालं तर ऑफिसला यावं लागेल.

आणि आई पुण्याला यायला तयार नव्हती.

दहाव्याला कावळा शिवला नव्हता. नदीकाठी सगळे ताटकळले. काका हात जोडून अण्णांना म्हणाले, "धर्माजी, ऱ्हायलेली कामं आमी पुरी करू." कावळे समोरच्या बाभळीवरून हलले नाहीत. मग मी म्हटलं, "अण्णा, आईला एकटी ठेवणार नाही." तरीही नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आई रोज दुपारी अण्णांच्या ताटात भाकरी वाढून गच्चीवर ठेवत होती.

अंकितनं वायर पाहिली, प्लग पाहिला. दिवा शांतपणे हिरवा.

"आता तर पळतंय राव! मी आलो की लगेच शहाणं होतं."

"मग हितंच ऱ्हा," आई म्हणाली. "जेवाया घालीन."

"काकू, तिकडं खोडदच्या दुर्बिणीच्या छत्र्यांना पार ताऱ्यांचं ऐकू येतंय, अन् आपल्या छत्रीला समोरचा डोंगर दिसंना!"

आई हसली. ताट घेऊन वर गेली. अंकितचा चहा संपायच्या आत दिवा लाल झाला.

आम्ही धावतच वर गेलो. छत्रीच्या पुढच्या दांडीवर कावळा बसला होता, चोचीत भाकरी. त्याच्या वजनानं छत्री खाली कलली होती. रबराला भेगा पडल्या होत्या.

अंकितनं हात उगारला.

"त्याला हाकलायचं न्हाई," जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आई म्हणाली.

"काकू, ह्याच्यामुळंच नेट जातंय. ताईंची नोकरी हाये."

"मंग तिनं जावं पुण्याला. मी हितंच हाये." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "दहाव्याला आले न्हाईत. आता रोज येत्यात."

कावळा उडाला. छत्री डुलत राहिली.

"बोल्टची पट्टी लावतो," अंकित हळूच म्हणाला. "पण तो तोंडासमोर बसला तर मी तरी काय करनार? त्याला बसायला दुसरं कायतरी करा."

अण्णांनी मारलेली रबराची गाठ सुटेना. अंकितनं ती कापली.

मी मोटारीच्या खोलीतून अण्णांचा एक लांब पाईप आणला. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, छत्रीपेक्षा उंच, कठड्याला तारेनं बांधला. वर आडवी काठी. आईनं ताटाची जागा त्याच्या खाली सरकवली.

सोमवारी मीटिंगभर माझे कान गच्चीकडे लागले होते. वर काही वाजलं नाही. दिवा हिरवाच राहिला.

"आज आवाज अगदी स्वच्छ येतोय," आरती मॅडम म्हणाल्या. "राहा मग तिथंच."

मी वर गेले. भाकरी उन्हात वाळून कडेनं वळली होती. कावळा पलीकडच्या शेवग्यावर बसून नव्या पाईपकडे मान वाकडी करून करून बघत होता. जवळ येत नव्हता.

मागे आई येऊन उभी राहिली.

"तुजं काम झालं?"

"झालं. मी राहतेय, आई."

तिनं शेवग्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"मंग त्यांला कळलं असंल," ती म्हणाली. "आता कशाला येत्यात?"

तो पाईपला बुजलाय, दोन दिवसांनी येईल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी कठड्याची तार उगाच चाचपत राहिले.

आईनं ताट उचललं. भाकरी कोंबड्यांना कुस्करून घातली. ताट घासून, पुसून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फळीवर इतर ताटांच्या खाली सरकवून ठेवलं.